गोळ्यांनी केलेल्या गर्भपातानंतरचे तीन आठवडे : नवी मुंबईतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुजाता (नाव बदललेले आहे) ही २७ वर्षांची स्त्री घणसोलीत नवरा, सासू-सासरे आणि दहा महिन्यांची मुलगी यांच्यासह राहते. मूळ घर सातारा जिल्ह्यातले. सासरे वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते, आता निवृत्त आहेत. नवरा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळीला असतो. थोरली जाऊ कळव्याला राहते. घर एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे आहे, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रमाला हात लावलेला नाही. मी ज्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून काम करते तिथे ती उपचारांसाठी आली होती, आणि तिच्या संमतीनेच हे लिहिले आहे.

पहिली प्रसूती सिझेरियनने झाली होती. मुलगी अजून अंगावर पीत होती, वरचे अन्नही घेत होती. बाळंतपणानंतर सातव्या महिन्यात पाळी आली, पुन्हा एकदा आली आणि मग थांबली. बाळ दूध पीत असेपर्यंत दिवस राहत नाहीत, असे तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मानले जात होते. स्तनपानामुळे गर्भधारणा टळते हे खरे आहे, पण त्यासाठी बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे लागते, ते दिवसरात्र केवळ आईच्याच दुधावर असावे लागते आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसावी लागते. यांपैकी एक अट मोडली तरी भरवसा उरत नाही, आणि सुजाताच्या बाबतीत तिन्ही अटी मोडल्या होत्या. तरीही तिला त्या कोणीच सांगितलेल्या नव्हत्या.

पोटात मळमळ सुरू झाल्यावर तिने घरच्या घरी लघवीची चाचणी केली. दोन रेषा उमटल्या. तिने नवऱ्याला सांगितले, आणि दोघांनी बोलून हे मूल आत्ता नको असे ठरवले. सिझेरियनला अजून वर्षही झालेले नव्हते, तिचे रक्त कमी होते, आणि दुसऱ्या बाळंतपणाचा खर्च व कष्ट आताच पेलण्याची घराची स्थिती नव्हती. निर्णय त्या दोघांचा, आणि अंतिमतः तिचा होता. सासूला सांगायचे नाही, असेही तिने त्याच वेळी ठरवले.

अडचण कशी वाढत गेली

ती प्रथम घराजवळच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये गेली. तिथे तपासणीआधीच तिला सांगण्यात आले की नवऱ्याची सही लागेल, दोघांची आधार कार्डे लागतील आणि घरातले एखादे मोठे माणूस सोबत असले तर बरे. नवऱ्याची हरकत नव्हती, पण त्याला दिवसा सुट्टी मिळेना, आणि मोठे माणूस म्हणजे सासू. या धावपळीत आठवडा गेला.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि त्यात सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिची स्वतःची लेखी संमती पुरेशी मानली आहे. नवऱ्याची, सासूची किंवा आईवडिलांची सही कायदा मागत नाही. पालकांची संमती लागते ती मुलगी अठरा वर्षांखालची असेल किंवा स्त्री मानसिक आजारामुळे संमती देण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याचे कारण देताना 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' हे शब्द काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द घातले. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांत कायद्याने ठरवलेल्या काही गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या गटांतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही असा निकाल दिला. स्त्रीचे नाव-गाव कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतर कोणाला सांगणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हे सगळे असूनही काउंटरवर सही मागितली जाते, कारण उद्या घरचे येऊन भांडतील ही रुग्णालयाची भीती असते. ती भीती मला समजते, पण तिची किंमत बाईने का मोजावी हे समजत नाही.

तो आठवडा वाया गेल्याने प्रश्न वाढला, कारण गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत आपल्याकडे साधारण नऊ आठवड्यांची आहे आणि सुजाताला आपले दिवस किती झाले हे सांगता येत नव्हते. बाळंतपणानंतर दोनच पाळ्या आलेल्या, त्यांतली शेवटची कधी आली याची नोंद नाही. याच दरम्यान नवऱ्याने एका मित्राच्या सल्ल्याने मेडिकलमध्ये गोळ्यांची चौकशी केली. पहिल्या तीन दुकानांत त्या नव्हत्या. लिंगनिवडीविरुद्धच्या कारवायांनंतर महाराष्ट्रातील अनेक दुकानदार या गोळ्या ठेवतच नाहीत. चौथ्या दुकानात मिळाल्या, चिठ्ठीशिवाय, छापील किमतीहून जास्त पैसे घेऊन, आणि कशा घ्यायच्या हे न सांगता. पाकीट दोन दिवस कपाटात साडीखाली पडून होते. सुजाताने ते उघडले नाही. दिवस किती आहेत हे माहीत नसताना आणि गर्भ पिशवीतच आहे की नळीत हे कळलेले नसताना गोळी कशी घ्यायची, असे तिला वाटले. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जिवावर बेतू शकते, हे तिने कुठेतरी ऐकले होते. या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय तिने एकटीने घेतला आणि तो बरोबर होता.

दवाखान्यात : कोणते पर्याय तोलले

आमच्याकडे आल्यावर आधी सोनोग्राफी झाली. खरे तर प्रत्येक गर्भपाताआधी सोनोग्राफी हवीच असे नाही, पाळीची तारीख पक्की असेल आणि तपासणी जुळत असेल तर तिच्यावाचूनही भागते. इथे तारीखच नव्हती. केंद्राच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक पाहून आणि गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही अशा कागदावर सही करताना ती घाबरली. गर्भपातालाच बंदी आहे की काय, असे तिने मला विचारले. लिंगनिवडीला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे आणि तो वेगळा आहे, गर्भपात कायदेशीर आहे, आणि इतक्या लवकर सोनोग्राफीत लिंग कळतही नाही, हे तिला सांगावे लागले. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याला प्रत्येक वेळी वेळ द्यावाच लागतो.

गर्भ पिशवीत होता आणि सात आठवडे दोन दिवसांचा होता. हिमोग्लोबिन ९.६, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, रक्तदाब ठीक, दमा किंवा रक्त गोठण्याचा आजार नाही, स्टेरॉइडची औषधे चालू नाहीत, तांबी बसवलेली नाही. सिझेरियनची जुनी खूण या टप्प्यावर गोळ्यांना आड येत नाही.

दोन मार्ग होते. पहिला व्हॅक्यूमचा : पिशवीचे तोंड बधिर करून, बारीक नळीने गर्भ ओढून घेतला जातो, प्रत्यक्ष काम पाचदहा मिनिटांत उरकते, बाई काही तासांत घरी जाते आणि नंतरचे अंगावरून जाणे सहसा थोडे असते. पूर्वीसारखे धारदार चमच्याने खरवडणे आता योग्य मानले जात नाही. तरी लोकांच्या तोंडी सगळ्यालाच 'क्युरेटिंग' किंवा 'पिशवी साफ करणे' असे नाव आहे, त्यामुळे कोणते काम होणार हे विचारून घ्यावे. दुसरा मार्ग गोळ्यांचा : पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोनची एक गोळी, जी गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचे काम थांबवते, आणि दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, ज्यांनी पिशवी आकुंचन पावून गर्भ बाहेर पडतो. शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव किंवा अधिक स्त्रियांचे काम याने पूर्ण होते, उरलेल्यांना पुढे काही उपचार लागतात. रक्त जास्त जाते आणि जास्त दिवस जाते.

रक्त आधीच कमी असल्याने डॉक्टरांचा कल व्हॅक्यूमकडे होता आणि त्यांनी तो लपवला नाही. सुजाताने गोळ्या निवडल्या. भूल, टेबल, यंत्र यांची तिला सिझेरियनपासून धास्ती होती, आणि दिवसभर घराबाहेर राहिले तर सासूला काय सांगायचे हाही प्रश्न होता; 'पाळी आली' असे सांगितले की भागेल, असे तिला वाटले. ९.६ हिमोग्लोबिन हे गोळ्या नाकारण्याइतके कमी नव्हते, तेव्हा तिची निवड मान्य झाली.

दुसरी मात्रा दवाखान्यात घ्यायची की घरी, हा पुढचा प्रश्न होता. घरी घेण्यात गैर काही नाही, पण त्या घरात दिवसभर माणसे, संडास एकच, आणि रात्री नवरा कामावर. म्हणून तारीख उलटी मोजून ठरवली. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी शनिवारी होती आणि त्या शनिवारी सासू-सासरे एका लग्नासाठी गावी जाणार होते. म्हणून मिफेप्रिस्टोनची गोळी गुरुवारी सकाळी दवाखान्यात, डॉक्टरांसमोर दिली. मेडिकलमधून आणलेले पाकीट तिने आमच्याकडे जमा केले.

गोळ्यांचा दिवस

शुक्रवारी थोडे डाग दिसले, बाकी काही नाही. शनिवारी सकाळी तिने मुलीला पाजले, न्याहारी केली, आयबुप्रोफेन घेतली आणि अर्ध्या तासाने मिसोप्रोस्टॉलच्या दोन गोळ्या एका गालात, दोन दुसऱ्या गालात ठेवल्या. त्या अर्धा तास तशाच ठेवून उरलेला चुरा पाण्यासोबत गिळायचा असतो. दूध तोडावे का, हे तिने आदल्या दिवशी तीनदा विचारले होते. तोडायची गरज नसते. औषध दुधात अगदी अल्प उतरते आणि काही तासांत निघून जाते, म्हणूनच आधी पाजून मग गोळ्या घ्यायला सांगितले होते.

सुमारे दोन तासांनी पोटात कळा सुरू झाल्या आणि अंगावरून जाऊ लागले. दुपारी अंगात हुडहुडी भरली, ताप १००.८ पर्यंत चढला आणि दोन जुलाब झाले. मिसोप्रोस्टॉलने हे होते आणि सहसा त्याच दिवशी उतरते. चोवीस तासांनंतरही ताप राहिला किंवा त्यानंतर नव्याने आला तर मात्र तो जंतुसंसर्गाचा असू शकतो. चारच्या सुमारास लिंबाएवढ्या दोन गाठी पडल्या आणि त्यांच्यासोबत पांढुरका, मऊ पडद्यासारखा भाग दिसला. सात आठवड्यांचा गर्भ सेंटिमीटरभर असतो, तो वेगळा ओळखू येत नाही. दिसते ती पिशवीच्या आवरणाची गुंडाळी. तिला हे आधी सांगून ठेवले होते. तरी ती बराच वेळ मोरीत बसून राहिली, असे नवऱ्याने नंतर सांगितले.

तिला दिलेल्या सूचनांत एक वाक्य अधोरेखित होते : मोठ्या आकाराचे दोन पॅड एका तासात पूर्ण भिजले आणि असे सलग दोन तास झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. नवऱ्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाचा हिशेब लिहितात त्या चौकटीत, प्रत्येक पॅड बदलल्याची वेळ आणि तो पूर्ण भिजला की अर्धा हे पेन्सिलने लिहिले. साडेपाच ते साडेसहा या तासात दोन पूर्ण पॅड झाले. त्याने दवाखान्याच्या नंबरवर फोन केला. नर्सने विचारले की ती उभी राहू शकते का, चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, गाठी किती मोठ्या आहेत. तो नोंद पाहून उत्तरे देत गेला. शेजारच्या रिक्षावाल्याला थांबवून ठेवायचे, १०८ चा नंबर हाताशी ठेवायचा, आणि पुढचा तास बघायचा असे ठरले. पुढच्या तासात एकच पॅड आणि तोही अर्धा. रात्री दहापर्यंत कळा ओसरल्या आणि ती जेवून झोपली.

फोनवर असा निर्णय घेता आला तो त्या चौकटीतल्या नोंदीमुळे. 'खूप जातंय' या दोन शब्दांवर कोणालाच काही ठरवता येत नाही. तशा वेळी एक तर घाबरून पळापळ होते किंवा धीर धरता धरता उशीर होतो.

त्यानंतरचे दिवस

गोळ्यांचा दिवस आम्ही तासातासाने आखला होता. त्यानंतरच्या दिवसांबद्दल कागदावर एवढेच होते की रक्तस्राव काही दिवस चालू राहील आणि पंधराव्या दिवशी तपासणीला यावे. प्रत्यक्षात गोळ्यांनंतर अंगावरून जाणे नऊ ते सोळा दिवस चालणे नेहमीचे आहे, आणि थोड्या स्त्रियांना महिनाभरही डाग पडत राहतात.

वैद्यकीयदृष्ट्या सुजाताचे दिवस साधारण होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रक्त पाळीइतके, मग पाळीहून कमी, मधूनच एखादी गाठ. ताप नाही, घाण वास नाही. ती स्वयंपाक करत होती, मुलीला घेत होती. तक्रार फक्त थकव्याची होती.

पण सासूबाई गावाहून परत आल्या होत्या, आणि त्या घरात पाळी पाळली जाते. पाळी असलेली बाई चार दिवस देवाला हात लावत नाही, पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून दिवा लावते. सुजाताने अडचण आहे असे सांगितले होते. पाचवा दिवस गेला, आठवा गेला, दिवा सासूच लावत राहिली. खोटे बोलून दिवा लावणे तिच्या मनाला पटेना, कारण तिची स्वतःचीही श्रद्धा होती. दहाव्या दिवशी सासूने विचारले, "अगं, अजून कसं थांबेना? डॉक्टरला दाखव." ज्या घरात रक्त दिसणे सर्वांना माहीत असते, त्या घरात गर्भपात गुप्त राहणार की नाही हे रक्त किती दिवस जाते यावर ठरते, आणि गोळ्या की व्हॅक्यूम हे तोलताना ही बाब आमच्यापैकी कोणीच मांडली नव्हती. तिने गोळ्या निवडल्या त्या गुप्तता राखण्यासाठी, आणि गुप्तता मोडत होती ती त्याच गोळ्यांमुळे.

बाराव्या दिवशी तिने घाबरून पुन्हा लघवीची चाचणी केली. पुन्हा दोन रेषा! गर्भ तसाच राहिला, असे तिला वाटले. गर्भ पडून गेल्यावरही या चाचणीत दिसणारे गरोदरपणाचे हार्मोन रक्तातून हळूहळू उतरते आणि साधी चाचणी चार आठवड्यांपर्यंत होकारार्थी येऊ शकते. पण हे कागदावर नव्हते. तिने जावेला फोन करून सगळे सांगितले.

तेराव्या दिवसाचा निर्णय

जाऊ तिला तेराव्या दिवशी कळव्याजवळच्या एका केंद्रात घेऊन गेली. सोनोग्राफीच्या अहवालात पिशवीचे अस्तर १६ मिलिमीटर जाड आणि 'गर्भाचे अवशेष असण्याची शक्यता' असे लिहून आले. अहवाल पाहून तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी क्युरेटिंग करायला सांगितले, नाहीतर विष होईल असेही म्हणाले. 'विष' हा शब्द दोघींच्या मनात रुतला. संध्याकाळी जावेने आमच्या नंबरवर फोन केला आणि आधी रागावून, मग काळजीने विचारले, "ताई, अर्धवट राहिलंय म्हणतात, आता काय करायचं?" ताप आहे का, रक्त वाढते आहे की कमी होते आहे, पोट दाबल्यावर दुखते का, एवढे विचारून त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले.

तपासणीत नाडी आणि रक्तदाब ठीक होते, ताप नव्हता, पिशवी लहान आणि न दुखणारी, तोंड मिटलेले, रक्त अगदी थोडे. हिमोग्लोबिन ९.१. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितले की गोळ्यांनंतर दोन आठवड्यांत पिशवीत गाठी आणि जाड अस्तर दिसणे नेहमीचेच आहे, आणि केवळ जाडीच्या आकड्यावरून पिशवी रिकामी करायची नसते. निर्णय घ्यायचा तो बाईची लक्षणे पाहून. गर्भ वाढत असता, रक्त जोरात जात असते किंवा जंतुसंसर्गाची चिन्हे असती, तर त्याच दिवशी व्हॅक्यूम करावे लागले असते. अवशेष राहून जंतुसंसर्ग होण्याचा धोका खरा आहे, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांची काळजी अगदीच निराधार नव्हती. पण त्यांनी आकडा पाहिला आणि बाईला तपासले नाही, हे मला खटकले.

आता तीन पर्याय होते : आठवडाभर थांबून पाहणे, मिसोप्रोस्टॉलची आणखी एक मात्रा देऊन उरलेल्या गाठी पडायला मदत करणे, किंवा व्हॅक्यूम. वैद्यकीयदृष्ट्या थांबणे पूर्ण सुरक्षित होते. जावेचे मत होते की एकदाचे साफ करून टाकावे. सुजाता बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितले की थांबणे तिला घरात झेपणार नाही आणि टेबलावर तिला जायचे नाही. तिने जादा मात्रा निवडली. आम्ही तिला हेही विचारले की सासूला सांगायचे का. सांगावेच असे आम्ही म्हटले नाही. फक्त न सांगण्याची आणि सांगण्याची प्रत्येकी काय झळ बसेल हे तिच्याकडूनच काढून घेतले.

त्या रात्री कळा आल्या, एक मोठी गाठ पडली. त्यानंतर रक्त झपाट्याने कमी झाले आणि एकविसाव्या दिवशी पूर्ण थांबले.

परिणाम

सासूला तिने सतराव्या दिवशी स्वतःच सांगितले. सासूबाईंना गर्भपाताचा राग आला नाही, न सांगितल्याचा आला. काही आठवडे त्या सुनेशी कामापुरतेच बोलल्या. त्याच काळात रात्री मुलीला स्वतःजवळ घेऊन झोपल्या आणि आळिवाची खीरही त्यांनीच करून दिली. त्यांच्यातले सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही, कारण शेवटच्या भेटीतही सुजाता त्याबद्दल बोलताना अडखळत होती.

तिच्या मनाची स्थिती तिने दोन प्रकारे सांगितली. सुटल्यासारखे वाटले, आणि मुलीला पाजताना दोनतीनदा रडू आले. हे दोन्ही एकत्र असू शकते. पुष्कळ स्त्रियांचे असेच असते. गर्भपातामुळे मानसिक आजार जडतो असे सिद्ध झालेले नाही. पण रडू थांबत नसेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर ते वेगळे आणि त्यावर उपचार हवेत. तिच्या बाबतीत तसे नव्हते. पुढे मूल होईल ना, हा प्रश्न मात्र तिने प्रत्येक भेटीत विचारला, आणि सुरक्षित रीतीने झालेल्या गर्भपाताने पुढच्या गरोदरपणाला बाधा येत नाही हे आम्हीही प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगितले.

पाचव्या आठवड्यात लघवीची चाचणी नकारार्थी आली, सहाव्या आठवड्यात पाळी आली. गर्भनिरोधकाचा निर्णय त्याआधीच झाला होता, कारण गर्भपातानंतर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा बीज सुटू शकते आणि पाळीची वाट पाहत बसले तर त्याआधीच दिवस राहू शकतात. तांबी दहा वर्षे चालते, पण सुरुवातीला पाळीला जास्त जाते आणि तिचे रक्त कमी. 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन दूध पाजणाऱ्या आईला चालते, पण त्याने मधूनमधून डाग पडतात. त्या घरात तेच नको होते. 'छाया' ही बिनहार्मोनची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि तिने पाळी लांबली तरी रक्त कमी जाते. तिने ती निवडली. सोबत लोहाच्या गोळ्या चालू झाल्या आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.८ झाले.

काय वेगळे करता आले असते

बाळंतपणानंतर सुजाता मुलीच्या लसीकरणासाठी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि पुन्हा नऊ महिन्यांनी अशी चार वेळा आरोग्य केंद्रात गेली होती. चारही वेळा बाळाचे वजन झाले, कार्डावर नोंद झाली, आणि आईला पाळी आली का, पुढचे मूल कधी हवे आहे, एवढे कोणी विचारले नाही. हे प्रकरण खरे तर तिथे टळले असते.

नर्सिंग होममधल्या सहीच्या मागणीने गेलेला आठवडा या वेळी निभावला, कारण गर्भ सात आठवड्यांचा निघाला. तो साडेनऊ आठवड्यांचा निघाला असता तर गोळ्यांचा पर्याय त्या सहीपायीच गेला असता. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला कायद्याचे हे एक कलम माहीत असणे हे डॉक्टरला माहीत असण्याइतकेच गरजेचे आहे, कारण बाई पहिल्यांदा बोलते ती त्याच्याशी.

पद्धत निवडण्याच्या संभाषणात आता आम्ही घराबद्दल आणखी एक प्रश्न विचारतो : तुमच्याकडे पाळी पाळतात का, आणि दोन आठवडे रक्त चालू राहिले तर काय होईल? सुजाताला हे आधी विचारले असते तर तिने कदाचित व्हॅक्यूम निवडले असते, कदाचित गोळ्याच घेऊन सासूला आधीच सांगितले असते. दोन्ही चालले असते. ती पेचात मात्र सापडली नसती.

पंधराव्या दिवसाची भेट हीच पहिली भेट असणेही उशिराचे होते. सातव्या-आठव्या दिवशी एक फोन झाला असता, तर बाराव्या दिवसाची चाचणी आणि तेराव्या दिवसाची सोनोग्राफी बहुधा झालीच नसती. आता तो फोन आम्हीच करतो, बाईने सांगितलेल्या वेळी आणि तिने दिलेल्या नंबरवर. दुसऱ्या कोणी उचलला तर दवाखान्याचे नाव न घेता ठेवून देतो.

सूचनांचा कागदही बदलला. तो पूर्वी इंग्रजीचे शब्दशः मराठी होता, आणि 'अतिरिक्त रक्तस्राव आढळल्यास संपर्क साधावा' अशा वाक्यांनी भरला होता. नव्या कागदावर पॅडचा हिशेब आहे आणि वेळ लिहायला चौकटी आहेत. त्याखाली लिहिले आहे : सोळा दिवसांपर्यंत अंगावरून जाऊ शकते, डाग महिनाभरही पडू शकतात. लघवीची चाचणी चार आठवडे करू नका, खोटी घाबरवेल. पण मळमळ आणि छातीचे जडपण आठवड्यानंतरही तसेच राहिले, किंवा पहिल्या दिवशी रक्त आलेच नाही, तर लगेच या. एका बाजूला पोटात जोरात दुखले, खांद्यात दुखले, चक्कर येऊन पडलात तर थेट मोठे रुग्णालय गाठा. चोवीस तासांनंतर ताप, घाण वास, वाढत जाणारे दुखणे असेल तर त्याच दिवशी या. कोणी सोनोग्राफी करून पिशवी साफ करायला सांगितले, तर आधी आम्हाला फोन करा, अहवाल घेऊन या, तपासून ठरवू. अंघोळ करा, नेहमीचे जेवा, बाळाला पाजा; कानात कापूस घालून खोलीत बसायची गरज नाही.